तो मजेत आहे

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. माझ्या आईला मी विचारलं होतं, तर "ऐकायची असेल तर ऐक, नाहीतर शेंगा सोल," एवढंच उत्तर मिळालं. डोंगर तेव्हाही होते, भात तेव्हाही पिकत होतं आणि आया तेव्हाही चुकत होत्या. आपल्याला एवढं जुनेपण पुरे.

तर एका खोऱ्यात भात पिकवणाऱ्या लोकांचं एक गाव होतं. त्या गावाला भातातलं सगळं कळायचं आणि भाताबाहेरचं फारसं काही कळायचं नाही. त्यामुळे कुठलीही अडचण आली की ते लोक भाताकडे बघून उत्तर काढत. सून कशी पारखायची? बियाणं पारखतात तशी, पाण्यात टाकून. म्हणजे नदीवर धुणं धुवायला पाठवून. म्हाताऱ्याचं किती राहिलं? लोंबी किती वाकली ते बघा.

आणि पोरं कशी वाढवायची? रोपं वाढवतात तशी.

ज्यांनी भात फक्त ताटातच पाहिला आहे, त्यांच्यासाठी सांगते. आधी जमिनीच्या एका लहानशा तुकड्यात बी दाट पेरतात. त्याचा हिरवागार तरवा होतो. रोपं वीतभर झाली की ती उपटतात, मुळांची माती झटकून धुतात आणि मोठ्या खाचरात अंतराअंतरानं नेऊन लावतात. तरव्यातच राहिलेलं रोप दाटीनं खुरटतं. उपटून लावलेलं फोफावतं.

यावरून त्या गावानं एक रीत काढली होती. ज्या घरात दोन मुलगे असतील, त्या घरातल्या थोरल्याचे दुधाचे दात पडायला लागले की त्याला उपटायचं आणि दूरच्या नातलगाकडे नेऊन लावायचं. गावाच्या वेशीवर एक ओढा होता. तिथे आईनं पोराचे पाय धुवायचे, अगदी नखांतली मातीसुद्धा काढायची, म्हणजे जुनी माती नव्या जागी जात नाही. मग पोरानं मागे न बघता निघायचं. त्याला मिसरूड फुटेपर्यंत भावाभावांनी भेटायचं नाही.

आईला मात्र सणासुदीला जाऊन यायची मुभा होती. तिकडच्यानं इकडच्याची चौकशी केली, किंवा इकडच्यानं तिकडच्याची, तर तिनं काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. "तो मजेत आहे. तुझं नावही काढत नाही." एवढंच. मुळाला चिकटून राहिलेली माती या वाक्यानं झटकली जाते, असं जाणत्या बायका सांगत. एक-दोनदा ऐकलं की पोरं रडायची थांबत, हेही खरं होतं. त्यामुळे रीत चुकीची असेल अशी शंका कुणाला आली नाही. रडणं थांबलं म्हणजे दुखणं थांबलं, असं आपल्यालाही वाटतंच की.

या गावात एक बाई होती. तिला दोन मुलगे. बाई वाईट नव्हती हो. पण तिला एक खोड होती. आपण चांगली आई आहोत की नाही, हे ती लोकांच्या तोंडावर वाचायची. मूल शिंकलं तर आधी शेजारणीकडे बघायची आणि मग पोराचं नाक पुसायची.

तिचे दोघे मुलगे एका घोंगडीत झोपायचे. थोरला धाकट्याला 'ठेंगू' म्हणायचा. धाकटा थोरल्याला 'दादा' म्हणायचा, आणि भांडण झालं की 'लंबू'. थोरला ओल्या काडीची पिपाणी करून वाजवायचा आणि धाकटा नुसत्या तोंडानं पिपाणीचा आवाज काढायचा, कारण त्याची पिपाणी कधी वाजायचीच नाही. आईला दोघांच्या आवाजानं डोकं उठल्यासारखं व्हायचं. ती म्हणायची, "देवा, एक दिवस तरी या घरात शांतता होऊ दे!"

देव अशा वेळी नेमका ऐकतो.

थोरल्याचा पुढचा दात पडला. तो दात तळहातावर घेऊन नाचत आला आणि घरात एकदम सगळे गप्प झाले.

"अहो," बाई नवऱ्याला म्हणाली, "अजून थोडे दिवस थांबलं तर?"

नवरा विळ्याला धार लावत होता. "तरवा कधी थांबतो का? मीही गेलोच होतो ना लहानपणी? मग काय झालं मला?"

काय झालं होतं, ते बाईला रोज दिसत होतं. त्याचा सख्खा भाऊ त्याच गावात राहायचा. दोघांच्या खाचरांना एकच बांध होता. सकाळी दोघे बांधाच्या दोन बाजूंना उभे राहायचे, एकमेकांकडे बघून मान हलवायचे आणि कामाला लागायचे. भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. पण हे नवऱ्याला सांगणार कोण? आणि गावातल्या सगळ्याच भावांचं तसं होतं, त्यामुळे भाऊ असेच असतात असं सगळे धरून चालत.

ठरलं. खिंडीपलीकडे पोरांच्या आत्याचं घर होतं. तिला मूल नव्हतं आणि तिच्या घरी तेलाचा घाणा होता. थोरला तिथे जाणार.

ओढ्यावर सगळा गाव जमला. आईनं थोरल्याला दगडावर बसवलं आणि त्याचे पाय धुवायला घेतले. धाकटा त्याच्याशेजारी बसला आणि त्यानंही आपले पाय पुढे केले.

"माझे पण धू."

"तुझे नाही धुवायचे, बाळा. तू इथेच राहायचंस."

"का?"

थोरल्यानं त्याच्या डोक्यावर टपली मारली. "रडू नकोस रे ठेंगू. मी लगेच येतो."

त्याला खरंच तसं वाटत होतं. दात पडला की लगेच नवा येतो, तसंच हेही असेल, असा त्याचा हिशेब होता.

पाय धुताधुता बाई थांबली. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "बघा गं, हिच्या डोळ्याला पाणी नाही. आई असावी तर अशी!" दुसरीनं मान डोलावली. बाईनं ते ऐकलं. तिची पाठ ताठ झाली आणि तिनं थोरल्याच्या करंगळीच्या नखातली माती जरा जास्तच काळजीनं काढली.

पुढे तिला पुष्कळ गोष्टींची लाज वाटली. पण सर्वांत जास्त वाटली ती याची, की त्या घटकेला तिला बरं वाटलं होतं.

थोरला गेला. घरात शांतता झाली.

धाकटा जेवताना अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवू लागला. "दादाला," म्हणायचा. झोपताना घोंगडीच्या एका कडेला चिकटून झोपायचा आणि दुसरी कडा रिकामी ठेवायचा.  मुळं नव्या जागेत धरायला वेळ लागतोच, असं आईनं स्वतःला समजावलं.

सण आला. आई पोहे कुटून, गूळ बांधून खिंडीपलीकडे गेली. घाण्याचा बैल गोल गोल फिरत होता आणि त्याच्यामागून थोरला फिरत होता. आईला बघून तो धावत आला आणि तिच्या पोटाला बिलगला. त्याच्या केसांना तेलाचा वास येत होता.

"ठेंगू कसा आहे? माझी आठवण काढतो? त्याच्यासाठी पिपाणी केलीय मी. हिला खाच जरा मोठी पाडलीय, आता त्याचीसुद्धा वाजेल. नेशील?"

आईनं पिपाणीकडे पाहिलं. आत्या दारातच उभी होती आणि आत्या याच गावची लेक. तिला रीत ठाऊक होती. आत्या आपल्याकडे बघते आहे, हे आईला पाठीतून कळलं.

"तो मजेत आहे," आई म्हणाली. "तुझं नावही काढत नाही."

थोरल्याचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यानं पिपाणी मागे घेतली आणि बैलापुढे टाकली. बैलानं ती खाऊन टाकली.

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा गोल फिरू लागला.

आत्या आईला पोहोचवायला वाटेपर्यंत आली. "वहिनी, छान सांगितलंत हो," ती म्हणाली. पण तिचा आवाज काही छान नव्हता.

आई घरी आली तेव्हा धाकटा उंबऱ्यावरच बसला होता. "दादानं काय दिलं?"

"काही नाही."

"काय म्हणाला?"

"तो मजेत आहे. तुझं नावही काढत नाही."

धाकट्यानं बाजूला काढून ठेवलेली अर्धी भाकरी उचलली आणि तिथेच बसून खाल्ली. त्या दिवसापासून तो घोंगडीच्या मधोमध झोपू लागला.

दुसऱ्या सणाला थोरला धावत आला नाही. त्यानं ठेंगूबद्दल विचारलंही नाही. "कसा आहेस रे?" असं आईनं विचारलं, तर म्हणाला, "मजेत आहे." घरी धाकट्यानंही काही विचारलं नाही.

पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "काय गुणाची पोरं! किती लवकर रुजली!" आणि बाई हसली. हसताना तिला वाटलं, आपण कुठेतरी दिवा तसाच ठेवून आलो आहोत, पण कुठे ते आठवत नाही. असं वाटलं की आपण काय करतो? घाईघाईनं दुसरं काम काढतो. तिनंही तेच केलं.

पुन्हा लावणीचे दिवस आले. गावातल्या बायका खाचरात एका रांगेत वाकून लावत होत्या, गाणं म्हणत होत्या आणि एकेक पाऊल मागे सरकत होत्या. त्या गावात लावणीची रांग मध्येच सोडणं म्हणजे मोठी नामुष्की. बाळंतीण होऊ घातलेली बाईसुद्धा आपली ओळ पुरी करून मग घरी जाई, असं म्हणत. थोडं वाढवूनच म्हणत असतील, पण म्हणत.

धाकटा आता मदतीला येण्याएवढा झाला होता. तो आईच्या शेजारी उभा राहिला. त्यानं मुठीतून एकच रोप काढलं आणि चिखलात खोचलं. मग दुसरं, पुन्हा एकटंच. मग तिसरं.

आईचं लक्ष गेलं. तिनं ती रोपं उपटली.

"हे काय रे? एकेकटं लावतात होय? एका चुडात दोन-तीन धरायची. भाताच्या गावात जन्मलास आणि एवढं ठाऊक नाही?"

"एकटं का नाही लावायचं?"

"एकट्यानं उभं राहील का ते? वारा आला की आडवं होईल. दोन-तीन असली की एकमेकांना टेकतात." तिनं हे हात न थांबवता सांगितलं. तिला तिच्या आईनं सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

धाकटा वाकून चिखलाकडे बघत होता. "मग दादाला एकट्याला का लावलंत?"

रांगेतलं गाणं थांबलं.

"आणि मला पण," तो म्हणाला. "मी पण एकटाच आहे ना इथे."

त्याचा आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून आवाज लांब जातो. रांगेतल्या सगळ्या बायका कमरेत वाकलेल्या, हातात रोपं, आणि माना तिच्याकडे. प्रत्येकीनं आपल्या जन्मात हजारो चूड लावले होते. एकटं रोप कुणीच कधी लावलं नव्हतं. तरवा दाट असतो, एवढंच त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. चुडाचं कसं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कोण जाणे. ज्या भाताचा त्या दाखला देत होत्या, ते भात त्यांच्या हातातच होतं.

आईनं आता पोराला जवळ घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही सांगायला तेच आवडलं असतं. पण सगळ्या बघत होत्या. तिच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं आणि ती खेकसली, "गप बस! दादा मजेत आहे. तुझं नावही काढत नाही!"

"ठाऊक आहे मला," धाकटा म्हणाला आणि मुकाट्यानं कामाला लागला.

कुणीतरी कसनुसं हसलं. कुणीतरी म्हणालं, "चालू द्या गं, ऊन चढतंय." गाणं पुन्हा सुरू झालं, पण कुणाचाच सूर कुणाला मिळेना.

थोड्या वेळानं आईनं तिरक्या नजरेनं धाकट्याची ओळ पाहिली. त्यानं आता चूड बरोबर लावले होते. प्रत्येक चुडात दोनच रोपं. एक लांब, एक आखूड. पुढच्यातही एक लांब, एक आखूड. तिसऱ्यातही. तो मुठीतून शोधून शोधून जोड्या लावत होता, आणि लांब रोपाला आखूड रोप टेकेल असं बोटानं नीट करत होता.

आईच्या हातातली मूठ सुटून पाण्यात पडली.

ती सरळ उभी राहिली. मग रांगेतून बाहेर पडली. "अगं ए! ओळ सोडून कुठे निघालीस?" बायका ओरडल्या. ती बांधावर चढली आणि खिंडीच्या वाटेला लागली. ओढ्यावर पाय धुवायची रीत होती. ती ओढा ओलांडून तशीच गेली, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन.

आत्या अंगणात तीळ वाळत घालत होती. "वहिनी! अहो, हे काय? सण नाही, वार नाही, आणि या पायांनी?"

"पोराला न्यायला आले."

आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं.  तोंडाला पदर लावला आणि घाण्याकडे बोट दाखवलं.

थोरला बैलाला पाणी दाखवत होता. आईला बघून तो आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. "घ्या," म्हणाला. पाहुण्याला म्हणतात तसं.

तिला तो तांब्या धरवेना. "बाळा, चल. घरी चल."

"कशाला? मी मजेत आहे."

"ठेंगू तुझी वाट बघतोय रे. तुझ्यासाठी भाकरी काढून ठेवायचा. घोंगडीत तुझी जागा ठेवायचा."

"तो माझं नावही काढत नाही. तूच सांगितलंस."

"मी खोटं बोलले."

थोरल्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. माल घेण्याआधी गिऱ्हाईक बघतं, तसं.

"तेव्हा खोटं बोललीस," त्यानं विचारलं, "की आत्ता बोलतेस?"

 बाईला कळलं की आपल्याजवळ दाखवायला काही नाही. अर्धी भाकरी खाऊन झाली होती, पिपाणी बैलाच्या पोटात गेली होती. होता तो फक्त आपला शब्द, आणि त्याचं काय झालं होतं ते समोर उभं होतं.

आत्या मागे येऊन उभी राहिली होती. "कापडावर तेल सांडलं की असं होतं, वहिनी," ती हळूच म्हणाली. "धुतलं तरी डाग बोलत राहतो. मीही सांगायला हवं होतं तुम्हाला. पोरगं पहिले कित्येक दिवस बैलाच्या गळ्यात पडून रडायचं. मला वाटलं, रीत आहे."

आई एकटीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धाकट्याला उठवलं आणि कडेवर घेतलं. तो आता कडेवर घेण्याजोगा राहिला नव्हता. त्याचे पाय तिच्या गुडघ्यांवर आपटत होते. गावकऱ्यांनी वेशीवर अडवलं. सर्वांत वयस्क पंच म्हणाला, "बाई, निदान पोराचे पाय तरी धू!"

"नाही धुणार," ती म्हणाली. "कालची माती आहे त्याच्या पायाला. राहू दे."

"लोक काय म्हणतील?"

बाई क्षणभर थबकली. हा प्रश्न तिनं आयुष्यभर स्वतःला विचारला होता. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकताना तो फारच किरकोळ वाटला. ती चालू लागली.

घाण्यापाशी तिनं धाकट्याला खाली उतरवलं. थोरला समोर होता. दोघे एकमेकांपासून चार हातांवर उभे राहिले आणि जमिनीकडे बघू लागले. आपल्या नवऱ्याला आणि दिराला ती रोज बांधावर बघायची, तसेच.  उशीर झाला, तिला वाटलं.

"मोठा झालास," थोरला शेवटी म्हणाला.

"तू तेलकट झालास."

"घाण्यावर काय, चंदन लागणार?"

 बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं.

"तू माझं नाव काढत नाहीस म्हणे," धाकटा जमिनीकडे बघतच म्हणाला.

"मी? तूच काढत नाहीस म्हणे."

"मी रोज काढायचो!"

"मी पिपाणी केली होती तुझ्यासाठी!"

"मग कोण म्हणालं, काढत नाही म्हणून?"

"तुला कोण म्हणालं?"

आणि दोघांनी एकदमच वळून आईकडे पाहिलं.

माणसाला आयुष्यात शिव्या मिळतात, शाप मिळतात, मारही मिळतो. ते सगळं सोसता येतं, कारण उलटून काहीतरी म्हणता येतं. पण आपल्याच दोन लेकरांनी असं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नसून नुसतं आश्चर्य असलं, तर कुठे बघायचं? बाईनं आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. "मीच म्हणाले," ती म्हणाली. "दोघांनाही. तुम्ही रडू नये म्हणून." आणि मग तिला उरलेलं खरंही सांगावं लागलं. "आणि लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून."

पोरांना यातलं किती कळलं, कोण जाणे. धाकटा एक पाऊल पुढे गेला. थोरल्यानं त्याच्या डोक्यावर टपली मारली, पण ती आता टाळूवर लागण्याऐवजी कानाच्या वर लागली, कारण ठेंगू वाढला होता. मग धाकट्यानं त्याच्या तेलकट सदऱ्यात तोंड खुपसलं, आणि थोरला, जो बैलाशिवाय कुणापुढे रडला नव्हता, मोठमोठ्यानं रडू लागला.

आईनं हात पुढे केला. पण त्या दोघांमध्ये तिचा हात शिरण्याएवढी जागा नव्हती. तिनं तो परत घेतला. आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघी बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

थोरला घरी आला. गावानं थोडे दिवस तोंड फिरवलं. मग एक सकाळ अशी उजाडली की रांगेतली दुसरी एक बाई ओळ अर्धी टाकून खिंडीच्या वाटेला लागली. मग तिसरी. बाईचा नवरा एक दिवस बांध ओलांडून भावाच्या ओट्यावर गेला. "काही काम होतं?" भावानं विचारलं. "नाही," तो म्हणाला. "मग बस," भाऊ म्हणाला. दोघांना बोलायला काही सुचलं नाही, पण तो बसला. दुसऱ्या दिवशीही गेला.

ती रीत मोडली. त्या खोऱ्यात लावणीचा पहिला चूड आता दोन रोपांचा लावतात, एक लांब आणि एक आखूड.

गोष्ट इथे संपवता आली असती, आणि मुलं झोपी गेली असतील तर तुम्ही संपवाही. पण पुढचं थोडं राहिलं आहे.

थोरला मोठा झाला. भला माणूस झाला. आईला तो कधी उलट शब्द बोलला नाही. पण त्याला ताप आला आणि आईनं विचारलं, "कसं वाटतंय रे?" तर म्हणायचा, "मजेत आहे." त्याचं पीक बुडालं, तेव्हाही मजेत होता. त्याचं पहिलं मूल जन्मताच गेलं, तेव्हा आई धावत त्याच्या दाराशी गेली, आणि दारात उभा राहून तो म्हणाला, "मी बरा आहे, आई. तू काळजी करू नकोस." त्याच्या डोळ्यांत तिला काही दिसलं नाही. मग धाकटा आला, आत गेला, आणि आतून रडण्याचा आवाज आला.

आई ओट्यावर बसून राहिली. तो मुद्दाम करत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. आईला काय सांगायचं असतं, ते त्याला लहानपणी तिनंच शिकवलं होतं. पुढे तिला थोरल्याचं खरं काय चाललं आहे ते कळून घ्यायचं असलं, की ती धाकट्याकडे जाऊन विचारायची. धाकटा सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि "बरं," म्हणायची.

म्हणून लहानांनो ऐका, आणि मोठ्यांनो तुम्ही जरा जास्त ऐका: लेकराचं रडू थांबवायला जो खोटं बोलतो, त्याला पुढे लेकराचं खरं ऐकायला मिळत नाही.